अडतीस वह्या आणि शिल्लक जागा

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

आज सुरुवात केली. तारीख लिहून ठेवतोय, म्हणजे उद्या कोणी विचारलं की तोंडावर फेकता येईल.

आमच्या घराण्यात वंशावळीच्या अडतीस वह्या आहेत. रामकुंडावर कोणी अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा नुसतं स्नानाला आलं, की त्या यजमानाचं नाव, गाव, बापाचं, आजोबांचं नाव आणि सोबत कोण कोण आलं ते लिहायचं, खाली त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. पहिली वही मोडी लिपीतली आहे. आमची पाती, म्हणजे घराण्याची थोरली शाखा, आणि धाकटी पाती यांच्यात तीन-तीन वर्षांची पाळी चालते. आमची पाळी या पाडव्याला, १९ मार्चला संपते. मग वह्या शेखरकडे, म्हणजे चुलतभावाच्या मुलाकडे जाणार. त्याने स्वच्छ सांगितलंय, काका, माझ्या पाळीत वह्यांना कॅमेरा लागणार नाही. नवव्या वहीची पानं आत्ताच बोट लावलं की पापडासारखी मोडतात. तीन वर्षांनी तिचा भुगा वेचायला लागेल. तेव्हा पाडव्याच्या आत अडतीसच्या अडतीस वह्यांचं पान न् पान कॉम्प्युटरात गेलं पाहिजे. जाणारच.

यजमानकृत्य थोरला भाऊ करतो, रंगनाथदादा, वय त्र्याहत्तर. मी त्या धंद्यात कधी पडलो नाही. ओझरच्या कारखान्यात मोजमाप तपासनीस म्हणून एकतीस वर्षं काढली. दादाची या कामाला परवानगी आहे, पण मन नाही. सकाळी त्याच्या पंचवटीतल्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं, वरून फोटो काढणारा स्कॅनर लावला, तर म्हणतो, "चिंतू, शेवटची वही मात्र मला रोज लागते. ती राहू दे." मी म्हटलं राहू दे, शेवटी घेऊ. हट्टीपणात आमच्या घराण्यात कोणी कोणाला हार जात नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

मृण्मयीने पुण्याहून फोनवर सगळं बसवून दिलं. लेक माझी, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात तिच्या आईवर गेली आहे. मशीन जुनं, त्यावर लिनक्स. शेजारी तिचीच वापरलेली मोठी डिस्क, तिला वीज वेगळी लागते. ती डिस्क 'वह्या' नावाच्या फोल्डरवर जोडली जाते. याला ते माउंट म्हणतात. फोल्डर उघडला की आपण डिस्कच्या आत.

फोटो घ्यायच्या आधी तिची स्क्रिप्ट 'जागा आहे' असं दाखवते. मी म्हटलं, किती आहे? ती म्हणाली, पुरेशी आहे बाबा. हे उत्तर मला कारखान्यात कोणी दिलं असतं तर माल परत पाठवला असता. शेवटी कंटाळून तिने स्टॅटएफएस नावाच्या सिस्टीम कॉलचं पान पाठवलं. सोपं आहे. सिस्टीमला एखादी जागा दाखवायची आणि विचारायचं, ही ज्या फाइल सिस्टीमवर आहे तिचा हिशेब दे. ती एक तक्ता भरून देते: एका ब्लॉकचं माप, एकूण ब्लॉक किती, मोकळे किती आणि त्यातले तुला मिळू शकतील असे किती. मोकळे आणि मिळू शकणारे वेगळे बरं का! काही मालकासाठी राखून ठेवतात, एसटीत आमदारांची सीट असते तशी. हे मला फार आवडलं. दुपारी बसून बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. वयाच्या पासष्टाव्या वर्षी. तक्त्यातलं एवढं सगळं मला काय करायचंय, म्हणून फक्त मिळू शकणारी जागा छापायची ठेवली. रोज सकाळी आकडा इथे लिहीत जाईन.

आजचा आकडा: ४१२ जीबी. एका वहीला दहा जीबी धरले तरी चिंता नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज संध्याकाळी काम संपवून आकडा घेतला, ३५२. सहा दिवसांत सहा वह्या, बरोबर साठ जीबी गेले. माप चोख.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, यांना एकदा दवाखान्यात नेऊन आणा हो. माझं ऐकत नाहीत." साखर वाढली असणार. दादाला जिलबी दिसली की संयम संपतो. पाडवा होऊ दे, मग नेतो म्हटलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आकडा ३९१. आज पाऊण तास याच्यावर घालवला. जागा कमी व्हायची ती वाढली कशी? मग लक्षात आलं, डिस्कवर मृण्मयीचे लग्नाचे व्हिडिओ होते, तिने पुण्यात बसून काढून टाकले असतील. पोरगी हुशार आहे. आकडा वाढला तर तक्रार कसली.

दादाने शंभराचा पिवळा बल्ब आणलाय, लांब वायरीचा. पहाटे उठून त्या उजेडात वही घेऊन बसतो म्हणे. मी नऊला पोचतो तेव्हा बाहेर लख्ख ऊन आणि आत हा बल्ब लावून बसलेला. वीज काय फुकट येते? बोललो. म्हणाला, सवय आहे. कसली सवय, काल आणलेल्या बल्बची?

सहावी वही पूर्ण. आज सातवी.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

अमावास्या. रामकुंडावर पाय ठेवायला जागा नाही. सिंहस्थाची खोदकामं निघालीत, त्यामुळे यजमान चिखल तुडवत खोलीपर्यंत येतात.

सटाण्याकडचं एक कुटुंब आलं होतं. म्हातारीला सासऱ्याची सही बघायची होती. दादाने नाव विचारलं, गाव विचारलं, डोळे मिटले आणि धडाधड चार पिढ्या म्हणून दाखवल्या. म्हातारी हरखली, पण हट्टाला पेटली, सही दाखवाच. दादाने बावीस नंबरची वही काढली, पानं बोटांनी चाचपत उलटली, पुन्हा उलटली आणि म्हणाला, "सापडत नाही, आजी."

माझ्या जन्मात मी हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. वडील म्हणायचे, यजमानाला वाट बघायला लावा, जेवायला थांबवा, पण सापडत नाही म्हणू नका. कंटाळा केला त्याने, दुसरं काय. गर्दी होती. मी वही मागितली तर म्हणाला, तू तुझं मशीन सांभाळ. राग आला. पण मशीनच सांभाळलं, चौदावी वही लावली होती.

आकडा ३२१.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

सगळं गेलं.

नऊला मशीन सुरू केलं, 'वह्या' उघडला. एक ते सहा आहेत. सात ते सोळा नाहीत. दहा वह्या! चौदा दिवसांचं काम! काल संध्याकाळी मी सोळाव्या वहीचं शेवटचं पान स्वतः तपासून निघालो होतो. तोंडचं पाणी पळालं. मृण्मयीला फोन लावला तर ती मीटिंगमध्ये.

नववी वही परत उघडायची म्हणजे तिचा जीव घेणं आहे. उघडताना पंधरा पानांचे कोपरे तुटले, ते मी पाकिटात घालून ठेवलेत. ती दुसऱ्यांदा उघडणार नाही.

आकडा लिहायचा म्हणून लिहितो: ३५२.

बुधवार, २५ फेब्रुवारी

दादाला विचारलं, मशीनला हात लावला का? म्हणाला, मला त्यातलं काय कळतंय. मी म्हटलं, कळत नाही म्हणूनच विचारतोय. त्याला हे काम नकोच होतं, हे मी त्याच्या तोंडावर बोललो. वहिनी आतून बाहेर आल्या आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी चप्पल घालून निघालो.

घरी आल्यावर वाटलं, जास्त बोललो. पण दहा वह्या पाय फुटून जात नाहीत.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

सापडलं. पहाटे पाचला ही वही उघडून आकडे एका ओळीत मांडले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. ३५२, मग एकदम ३९१, मग उतरत उतरत मंगळवारचा २९१ असायला हवा होता, तर परत ३५२. म्हणजे नऊ तारखेला जिथे सोडला होता बरोबर तिथेच. पुसलेली जागा असती तर एवढी जुळून आली नसती. हे दोन वेगळ्या डिस्कचे आकडे आहेत.

एकतीस वर्षं मी पोरांना शिकवलं, आधी कोणत्या गेजने मोजलं ते लिही, मग माप लिही. आणि स्वतः? तक्त्यात एकूण ब्लॉक होते, त्या फाइल सिस्टीमचा ओळख क्रमांकसुद्धा होता. मी छापला फक्त शिल्लक आकडा. स्टॅटएफएस खोटं बोलला नाही. मी त्याला फोल्डर दाखवला, त्याने फोल्डर ज्या डिस्कवर होता तिचा हिशेब दिला. मोठी डिस्क जोडलेली नसेल तर 'वह्या' हा मशीनच्या पोटातल्या डिस्कवरचा साधा फोल्डर. मी विचारायला हवं होतं की बाबा रे, तू कोणाचा हिशेब देतोयस?

मृण्मयीला उठवलं. तिला आकडे वाचून दाखवले. मग तिने कबूल केलं, डिस्क नसली तरी मशीन सुरू व्हावं अशी व्यवस्था तिनेच करून ठेवली होती, नाहीतर तुम्ही रोज फोन केला असता म्हणे. बरोबर आहे, केला असता. व्हिडिओही तिने काढले नव्हते. तिला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

साडेसहालाच पंचवटीत पोचलो. डिस्क फोल्डरवरून उतरवली, म्हणजे अनमाउंट केली. 'वह्या' उघडला. सात ते सोळा, सगळ्या, पानं मोजून सगळी. खिळ्यावर जुनी दिनदर्शिका असते, तिच्यावर आपण नवी टांगतो. जुनी कुठे जात नाही, मागे असते. तेवढंच झालं होतं.

मी खुर्चीत बसून मोठ्याने हसलो. नववी वही मी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. मला देवाधर्माचं फारसं नाही, पण लावली.

शनिवार, २८ फेब्रुवारी

डिस्क बंद कोणी ठेवली तेही कळलं. बोर्डाला प्लगच्या जागा दोनच, एक मशीनची, एक डिस्कची. दादा पहाटे डिस्कचा प्लग काढून बल्ब लावायचा आणि प्लग टेबलाखाली लोंबत ठेवायचा. मी आलो की मशीन सुरू करायचो, खाली कोण वाकून बघतंय? जाताना मेन बंद करायची ही माझी कारखान्यातली सवय, त्यामुळे रोज नवी सुरुवात. तेवीसच्या संध्याकाळी बल्ब उडाला, वहिनींनी तो काढला आणि लोंबणारा प्लग जागेवर लावून टाकला. संपली गोष्ट.

दादाला म्हटलं, अरे, सांगायचं तरी. म्हणाला, "काढताना कुठला प्लग कशाचा ते नाही बघितलं." मी म्हटलं, डोळे उघडून बघायचं.  सहा प्लगचा बोर्ड आणून दिला आणि नवा बल्बही. परवा बोललो त्याचं वाईट वाटतंय असंही सांगितलं. अवघड गेलं, पण सांगितलं.

प्रोग्रॅम बदलला. आता आधी 'वह्या'चा ओळख क्रमांक घेतो, मग तो ज्या वरच्या फोल्डरात आहे त्याचा घेतो. दोन्ही एकच निघाले तर डिस्क जोडलेली नाही, एकही फोटो घ्यायचा नाही. मग एकूण माप, मग शिल्लक. वाया गेलेले चार दिवस भरून काढायचे तर बावीस वह्या एकोणीस दिवसांत. उद्यापासून सातला हजर आणि दिवे लागेपर्यंत काम.

रविवार, ८ मार्च

रंगपंचमी. रहाडीवरची, म्हणजे रंगाच्या हौदावरची पोरं रंगात माखून गल्लीभर ओरडत फिरत होती. खिडक्या लावून, फटींत फडकी कोंबून काम केलं. सव्विसावी वही झाली.

दादा हल्ली माझ्या मागे स्टूल टाकून बसतो. पान पडद्यावर आलं की म्हणतो, मोठं कर. अजून मोठं. एक अक्षर हातभर झालं की वाचतो आणि खूष होतो. लहान मुलासारखं. आज आमच्या आजोबांच्या हातचं पान आलं तर तासभर हलू देईना. मी म्हटलं, इतकी वर्षं हाताशी वह्या होत्या तेव्हा नाही कौतुक, आता पडद्यावर कौतुक. वहिनी भाकरी थापत होत्या, त्यांचा थापण्याचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला.

काम उरकत नाही म्हणून मी कुरकुरलो, पण खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. तीस वर्षांत आम्ही भाऊ इतके जवळ बसलो नव्हतो.

शनिवार, १४ मार्च

सदतीस झाल्या. वेळेच्या आधी! क्रमांक तपासले, डिस्क जोडलेली, एकूण माप बरोबर, शिल्लक ४२ जीबी. मृण्मयीकडे दुसरी प्रत पाठवायलाही सुरुवात झाली. दादाला म्हटलं, आण ती अडतिसावी. म्हणाला, उद्या.

सोमवार, १६ मार्च

काल उद्या म्हणाला, आजही उद्या. शेवटी वहिनींनीच कपाटातून अडतिसावी आणून माझ्यासमोर ठेवली. दादा खिडकीशी तोंड करून बसला होता.

पहिली दोनशे पानं बिनबोभाट गेली. दोनशे बाराव्या पानावर अक्षर दुहेरी दिसायला लागलं. मला वाटलं कॅमेरा हलला. परत घेतलं, तेच. भिंग पुसलं, तेच. मग तपासनीसाने करावं ते केलं, आधीचं पान घेऊन बघितलं, ते स्वच्छ. म्हणजे यंत्र बरोबर होतं. मी पडद्यावरून नजर काढून कागदावर बघितलं.

ओळींवर ओळी लिहिल्या होत्या. एका यजमानाच्या नावावर दुसऱ्याचं नाव, त्याच्यावर तिसऱ्याचं. सगळं दादाच्या हातचं. यजमानांनी आपल्या सह्या समासात दाटीवाटीने केल्या होत्या. अस्थी घेऊन आलेला माणूस गुरुजींना ओळ चुकली म्हणून सांगणार आहे का? पहिल्या अशा पानावर साल होतं २०२४.

मग मला बल्ब कळला, प्लग कळला, सापडत नाही कळलं, दवाखाना कळला. माझ्या या रोजनिशीत गेल्या दीड महिन्यात मी स्वतःच्या हाताने सगळं लिहून ठेवलंय आणि एकदाही वाचलं नाही. डोळे उघडून बघ असं मी त्याला म्हटलं. त्याला!

दादाने न वळताच विचारलं, "किती पानं गेली?"

मी मोजली. "एकोणीस."

"मला वाटलं, सात-आठ असतील," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला, जसं काही माझंच नुकसान झालं होतं. मग म्हणाला, वह्या पुन्हा नीट कोणी लिहिणार नाही म्हणून भीती नव्हती चिंतू, शेखर वही उघडेल आणि म्हणेल म्हाताऱ्याने घराण्याची नावं पुसली, याची भीती होती. मी म्हटलं, पुसली नाहीत. झाकली आहेत. अजून दोन दिवस आहेत.

बुधवार, १८ मार्च

दोन दिवस तिघं त्या खोलीतून हललो नाही. जेवणही तिथेच.

पद्धत अशी. पान पडद्यावर हातभर मोठं करायचं. वरची शाई काळी, खालची निळी किंवा फिकी, मृण्मयीने रंग वेगळे करायची युक्ती सांगितली. समासातली सही मी वाचायची. वहिनींनी महिना आणि तिथी सांगायची, कारण कोण जेवायला थांबलं होतं ते त्यांच्या पक्कं लक्षात. मग दादा डोळे मिटून बसायचा आणि ओझरचे की निफाडचे, थोरला आला होता की धाकटा, सोबत बहीण होती का, सगळं उलगडून सांगायचा. तो सांगायचा, मी कोऱ्या पानावर लिहायचो. माझं अक्षर कारखान्यातलं, सुंदर नाही पण एकावर एक जात नाही.

एकोणीस पानांवर सत्त्याण्णव कुटुंबं निघाली. अठ्ठ्याऐंशी लावली. नऊ काही केल्या लागेनात. शेवटी दादाच म्हणाला, पुरे, जे आठवत नाही ते आठवतं म्हणून लिहायचं नाही.

आधीची खराब पानं काढून टाकू का, असं मी एकदा विचारलं होतं. खरं तर मला तोच मोह झाला होता. दादा म्हणाला, वहीतलं पान आपल्या घराण्यात कोणी फाडलेलं नाही, आणि मी काही पहिला होणार नाही.

अडतिसावी वही, नव्या पानांसकट, डिस्कवर गेली. शिल्लक ३१. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ शनिवारी सकाळी दहाची घेतली. दादाने नाही म्हणून बघितलं, वहिनींनी त्याला नाही म्हणू दिलं नाही.

गुरुवार, १९ मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर शेखर आला, पांढरा सदरा, सोबत दोन माणसं आणि रिक्षा. मी मनात चार वाक्यं जुळवून ठेवली होती. ती माझ्याकडेच राहिली, कारण शेखर बसतो न बसतो तोच दादाने अडतिसावी वही त्याच्यापुढे सरकवली.

"शेखर, ही एकोणीस पानं माझ्या हातून बिघडली. मला दिसत नाही, दोन वर्षं झाली. मी सांगितलं नाही, ही माझी चूक. झाकलेली नावं चिंतूने मागे नव्या पानांवर लिहिली आहेत. नऊ कुटुंबं मला आठवली नाहीत. ती तुझ्या पाळीत आली, तर त्यांच्याकडे माझ्या वतीने माफी माग आणि नाव परत लिहून घे."

शेखरने पानं उलटली. सगळी एकोणीस, सावकाश. मग मागची नवी पानं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, एक शब्द वाकडा निघाला तर ऐकून घ्यायचं नाही असं ठरवून. त्याने वर बघितलं तेव्हा त्याचेच डोळे भरले होते. म्हणाला, काका, बाबांच्या वेळी तुम्ही आमच्या पाळीत रोज येऊन वह्या लावून द्यायचात. मला एक शब्द टाकला असता तर मी आलो असतो.

पाळी देताना देणाऱ्याने किती वह्या दिल्या ते शेवटच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं, असा रिवाज आहे. मी म्हटलं, मी लिहितो, दादा खाली सही करेल. शेखर नाही म्हणाला. त्याने कोरं पान काढलं, पेन उघडून दादाच्या हातात दिलं आणि स्वतःचं बोट ओळीच्या सुरुवातीला ठेवलं.

"इथून, काका," तो म्हणाला.

दादाने चाचपत पेन त्याच्या बोटाला टेकवलं. लिहिता लिहिता शेखर बोट पुढे सरकवत गेला आणि दादाचं अक्षर त्याच्या मागे मागे ओळीवर चालत गेलं. 'अडतीस वह्या दिल्या. पैकी एकोणीस पानं माझ्या हातून बिघडली. रंगनाथ.'